मनात राहिलेलं गाणं

परवा एका शाळेत कविता वाचायला गेलो होतो. कार्यक्रम संपल्यावर नववीतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, तुमचं आवडतं गाणं कोणतं?" मी दोन-तीन नावं सांगितली. तिचं समाधान झालं नाही. ती म्हणाली, "तसं नाही. कधीही ऐकलं तरी आत काहीतरी हलतं, असं कोणतं?" मी गप्प झालो. उत्तर मला ठाऊक होतं, पण ते गाणं तिला ऐकवता येण्यासारखं नव्हतं. ते कुठल्या तबकडीवर नाही, चित्रपटात नाही, मोबाइलवरही नाही. एके काळी ते एका कॅसेटवर होतं, आणि ती कॅसेट माझ्याच हातानं पुसली गेली.

आज त्याबद्दलच बोलायचं आहे. काही गाणी आवडतात आणि विसरली जातात, काही आयुष्यभर सोबत राहतात. असं का होतं? आणि अशी गाणी माणसाला सापडतात तरी कशी?

माझं गाव काटेवाडी. बारामतीहून इंदापूरला जाणाऱ्या रस्त्यावरचं. राजकारणामुळं या गावाचं नाव सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. वारकऱ्यांना मात्र ते आणखी एका कारणानं माहीत आहे. आषाढी वारीत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून आमच्या गावात येते. परीट समाजाची मंडळी पालखीच्या वाटेवर धोतरांच्या पायघड्या अंथरतात. मग मेंढ्यांचं रिंगण होतं. धनगर बांधव आपापली मेंढरं घेऊन येतात आणि ती शेकडो मेंढरं पालखीभोवती धावत सुटतात. टाळ-मृदंग चालू, धूळ उडतेय, मेंढरांच्या गळ्यातल्या घंट्या वाजतायत. जनावरांना रोगराई होऊ नये, ही त्यामागची श्रद्धा. मग पालखी सणसरच्या मुक्कामाला पुढं निघते.

लहानपणी मी वडिलांच्या खांद्यावरून ते रिंगण पाहिलं. वडील शिंपीकाम करायचे. वारीच्या आधीचे आठ दिवस आमच्या मशीनवर पताका शिवल्या जायच्या. घरात आम्ही दखनी बोलायचो. नमाज, रोजे, ईद सगळं रीतसर चालायचं. पण आमच्या अम्माची एक गंमत होती. दिवसभर दखनीत बोलणारी अम्मा जात्यावर बसली की मराठी होऊन जायची. दळताना तिच्या तोंडून दखनी शब्द निघाल्याचं मला आठवत नाही. माहेरची वाट, भावाचा शेला, सासरचा जाच, पंढरीचा रस्ता, चंद्रभागेचं पाणी, सगळं मराठीत. तिनं पंढरपूर पाहिलेलं नव्हतं. तिला ते जात्याच्या पलीकडच्या बाजूनं मिळालं होतं.

पलीकडच्या बाजूला बसायची शेजारची मावशी. धनगराघरची. जातं एकटीनं ओढायचं म्हणजे खांदे भरून येतात, म्हणून दोघी एकमेकींचं दळण मिळून करायच्या. आज आमच्या घरी, उद्या मावशीच्या. पहाटे चारला घरघर सुरू व्हायची. मी अंथरुणात, डोळे मिटलेले. एक ओळ मावशीची, दुसरी अम्माची. झोप आणि जाग यांच्या मधल्या त्या वेळी मी जे ऐकलं, ते अजून माझ्या कानात आहे.

आता हे जातं गाणं कसं घडवतं ते पाहू. खालचा दगड घट्ट बसवलेला असतो, वरचा फिरतो. दोघीजणी समोरासमोर बसून एकच खुंटा धरतात. एकीनं ओढायचं, दुसरीनं ढकलायचं. एका हातानं खुंटा फिरतो, मधूनच दुसऱ्या हातानं जात्याच्या तोंडात धान्याचा घास पडतो. या फिरण्याला एक ठराविक वेग असतो. फार जोरात फिरवलं तर भरड निघते, फार हळू फिरवलं तर दगड जड होतो. म्हणजे लय कुणी शिकवावी लागत नाही, दगडच ती धरायला लावतो. ओवीच्या ओळीची लांबी त्या फेऱ्यांत बसते. श्वास जिथं तुटतो तिथं एखादं 'गं बाई' किंवा 'सये' येतं. तेवढ्यात दम घेता येतो, आणि पुढचा शब्द सुचायलाही वेळ मिळतो. 'जात्यावर बसलं की ओवी सुचते' ही म्हण आपण सहज वापरतो, पण ती अगदी शब्दशः खरी आहे. कामाच्या लयीनं शब्द हाताशी येतात.

दुसरी गोष्ट अशी की जात्यावर बोललेलं कुणाला लागत नाही. सासूला तोंडावर जे म्हणता येत नाही, नवऱ्याला सांगता येत नाही, ते ओवीत सांगितलं तर चालतं. घरघरीत अर्धं बुडूनही जातं. पहाटेची वेळ, पुरुष झोपलेले, समोर आपल्यासारखीच एक बाई. तिथं खोटं बोलायचं कारण उरत नाही. म्हणून ओव्यांमध्ये जे दुःख येतं ते नटलेलं नसतं. ऐकणाऱ्याला ते कळतं, मग तो पाच वर्षांचा पोरगा का असेना.

पुढं मी बारामतीला कॉलेजात गेलो, मराठी घेऊन बी.ए. झालो. वर्गात ओवी शिकवली गेली. ज्ञानेश्वरीची ओवी, साडेतीन चरणांची, पहिल्या तीन चरणांना यमक, अक्षरसंख्येचं बंधन सैल. मी ते पाठ केलं, परीक्षेत व्यवस्थित लिहिलं, मार्कही मिळाले. पण माझ्या घरात रोज पहाटे जे चालायचं तीही ओवीच होती, हे त्या तीन वर्षांत माझ्या एकदाही मनात आलं नाही. पुस्तकातली ओवी साहित्यात जमा होती, अम्माची ओवी दळणात. तेव्हाच्या माझ्या शहाणपणाची मला आज लाज वाटते.

गाणं मनात का राहतं, यावर शास्त्रज्ञांनीही बराच विचार केला आहे. अमेरिकेतल्या डीकॅस्पर आणि फायफर या दोघांनी १९८० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. जन्मून दोन-तीन दिवस झालेली बाळंसुद्धा आपल्या आईचा आवाज ओळखतात आणि तो ऐकायला मिळावा म्हणून धडपडतात, असं त्यांना आढळलं. म्हणजे आवाजाची ओळख पाळण्याच्याही आधी सुरू होते. दळणारी बाई गरोदर असली तर पोटातलं मूल जात्याच्या लयीवर डोलतच वाढत असणार. हे मात्र माझं कवीचं अनुमान, शास्त्रज्ञांच्या माथी मारू नये.

दुसरा प्रयोग कॅनडातल्या माँट्रियल शहरातला. एखादं गाणं ऐकताना अंगावर काटा येतो, हा अनुभव आपल्या सगळ्यांचा आहे. ॲन ब्लड आणि रॉबर्ट झॅटोर यांनी अशा श्रोत्यांना त्यांच्याच पसंतीचं संगीत ऐकवलं आणि त्या वेळी मेंदूत काय चाललंय याची चित्रं घेतली. ते २००१ मध्ये प्रसिद्ध झालं. काटा येतो त्या क्षणी मेंदूतले जे भाग जागे होतात, ते भुकेल्याला अन्न मिळाल्यावर जागे होणाऱ्या भागांशी नातं सांगणारे होते. पुढं २०११ मध्ये व्हॅलरी सालिमपूर आणि झॅटोर यांच्या गटानं आणखी एक गोष्ट दाखवली. मेंदूत सुखाशी जोडलेलं डोपामिन नावाचं एक रसायन असतं. ते गाण्यातली आवडती जागा आली की स्रवतंच, पण ती जागा येण्याच्या थोडं आधी, आपण तिची वाट पाहत असतानाही स्रवतं. म्हणजे ऐकण्याइतकंच वाट पाहणंही सुखाचं असतं.

हे वाचलं तेव्हा मला रेडिओ आठवला. पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ पासून 'गीतरामायण' सुरू झालं. गदिमांचे शब्द, बाबूजी म्हणजे सुधीर फडके यांचं संगीत. आठवड्याला एक नवं गीत, असं वर्षभर चाललं आणि छप्पन्न गीतं झाली. ती पिढी आठवडाभर पुढच्या गीताची वाट पाहायची. ज्यांच्या घरी रेडिओ नव्हता ती माणसं शेजाऱ्याच्या ओसरीवर येऊन बसायची. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो, पण आमच्या वेळेपर्यंत ती सवय टिकून होती. 'आपली आवड'साठी पोस्टकार्ड टाकायचं आणि नाव येतं का म्हणून कान लावून बसायचं. हवं ते गाणं हव्या त्या वेळी ऐकायची सोय नव्हती. गाणं यायचं तेव्हा यायचं, आणि आलं की घरातलं बोलणं थांबायचं.

आज बोट लावलं की लाखो गाणी हजर होतात. यात वाईट काही नाही, मीही ऐकतो. पण नातू तीस सेकंद ऐकून पुढच्या गाण्यावर जातो तेव्हा वाटतं, याला वाट पाहायला कधी मिळणार? आवडती जागा येण्याआधीच गाणं बदललं, तर ती जागा त्याच्या ओळखीची व्हायची कशी?

आणखी एक निरीक्षण पुष्कळ अभ्यासकांनी नोंदवलं आहे. साधारण दहा ते तीस या वयात ऐकलेली गाणी माणसाच्या आठवणीत सगळ्यात घट्ट बसतात. त्या वयात पहिलेपणाच्या गोष्टी घडत असतात: पहिली मैत्री, पहिलं प्रेम, घर सोडणं, पहिला पगार. गाणं त्या प्रसंगाला चिकटतं, आणि पुढं गाणं लागलं की प्रसंग आपोआप उभा राहतो. घरच्यांची नावं विसरलेली म्हातारी माणसं जुनं गाणं ऐकून शब्द न चुकता म्हणू लागतात, हे तर अनेकांनी आपल्या घरात पाहिलं असेल.

आता माझ्या कॅसेटची गोष्ट. माझा जन्म १९७२ चा, महाराष्ट्राच्या त्या मोठ्या दुष्काळातला. नीरेच्या कालव्याचं पाणी ज्यांच्या शेताला होतं त्यांचं कसंतरी निभावलं, बाकीच्यांनी दुष्काळी कामावर खडी फोडली. परदेशातून लाल मिलो ज्वारी आली होती. भाकरीला चव नसायची, पण पोट भरायचं. मी तान्हा असताना अम्मा आणि मावशी ती मिलो दळायच्या. त्या दळणावर दोघींनी मिळून एक ओवी लावली होती. लाल दाणा, कोरडं आभाळ आणि मांडीवरचं पोर, असं काहीसं त्यात होतं. पुढं मी मोठा झाल्यावरही ती ओवी आली की अम्मा माझ्याकडं बघायची. हेच माझं मनात राहिलेलं गाणं.

१९८८ च्या सुमारास माझ्या मामेभावानं टेपरेकॉर्डर आणला. तोवर गावात पिठाची गिरणी येऊन बरीच वर्षं झाली होती. रोजचं दळण गिरणीत जायचं. जातं निघायचं ते डाळ भरडायला किंवा लग्नाच्या हळदीला. एका लग्नाच्या आधी अम्मा आणि मावशी डाळ भरडायला बसल्या. मी गंमत म्हणून साठ मिनिटांची कोरी कॅसेट लावली. दोघी आधी लाजल्या, मग विसरल्या आणि गात राहिल्या. मिलोची ओवीही त्यात आली. कॅसेट लावून मावशीला तिचाच आवाज ऐकवला तेव्हा ती तोंडाला पदर लावून म्हणाली, "अगं बया, मी अशी गाते व्हय?"

दोन वर्षांनी, कॉलेजात असताना, एका मित्राला नव्या सिनेमाची गाणी भरून द्यायची होती. कोरी कॅसेट घ्यायला पैसे नव्हते. मी तीच कॅसेट लावली आणि बटण दाबलं. दोन्ही बाजू भरल्या. अम्माला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "जाने दे रे. गाना हाय ना मेरेकन, फिर सुनाती." मलाही तेव्हा तसंच वाटलं. गाणं काय, कधीही ऐकता येईल.

२००३ मध्ये मावशी गेली. तेराव्याला तिची मुलगी मला बाजूला घेऊन म्हणाली, "भाऊ, तुमच्याकडं आईचा आवाज हाय ना टेपमधी? मला एकदा ऐकवा." मी म्हणालो, "अगं, ती कॅसेट खराब झाली, फीत तुटली." तिनं मान हलवली आणि ती भांडी घासायला निघून गेली. फीत तुटली नव्हती. मावशीचा एकही फोटो धड नव्हता. तिचं म्हणून जे काही उरलं होतं, ते मी एका सिनेमाच्या गाण्यांसाठी पुसून टाकलं होतं.

माझ्यासारखी माणसं घरोघरी असतील. पण ज्यांनी वेळेवर हे जाणलं अशीही माणसं महाराष्ट्रात होऊन गेली. साने गुरुजींनी बायकांच्या तोंडच्या ओव्या गोळा करून 'स्त्रीजीवन' हे पुस्तक केलं. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या कामातून खेड्यापाड्यांतली गाणी छापून आणली. जर्मनीहून आलेले गुंथर सोन्थायमर धनगरांच्या ओव्यांमागं रानोमाळ हिंडले. आणि पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइट्व्हाँ या दांपत्यानं तर डोंगर उचलावा तसं काम केलं. मुळशी-मावळच्या गावांतल्या बायकांपासून सुरुवात करून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या १ हजाराहून अधिक गावांतून, ३ हजारांहून अधिक बायकांकडून, १ लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या लिहून घेतल्या. बर्नार्ड बेल या संगीताच्या अभ्यासकानं १९९० च्या दशकात त्यातल्या पुष्कळ ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. पॉइट्व्हाँ २००४ मध्ये आणि हेमाताई २०१० मध्ये गेल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या 'पारी' या संकेतस्थळानं २०१६ पासून हा ठेवा लोकांसमोर मांडायला सुरुवात केली. तिथं बाईच्या नावासह, गावासह तिचा आवाज ऐकता येतो. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या तिथं आहेत. ज्या जात्यावर राम-सीता आणि विठ्ठल आले त्याच जात्यावर बाबासाहेब आले. आमच्या दुष्काळातला लाल दाणाही त्याच वाटेनं आला होता.

इथं शाहीर अमर शेखांची आठवण निघणं साहजिक आहे. बार्शीचा हा मेहबूब पटेल १९१६ मध्ये जन्मला. त्याला लोकगीतांचं पहिलं शिक्षण मिळालं ते आई मुनेरबीकडून. पुढं अण्णा भाऊ साठे आणि गवाणकरांच्या सोबतीनं संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या आवाजानं मैदानं भरली. तो आवाज २९ ऑगस्ट १९६९ रोजी आमच्याच बाजूला, इंदापूरजवळ, अपघातात थांबला. माझे वडील त्यांच्याबद्दल बोलताना नेहमी म्हणायचे, "एवढा पहाडी गळा, पण मूळ आईचंच." तेव्हा मला ते नुसतं कौतुक वाटायचं. आता वाटतं, वडिलांनी एका वाक्यात पुष्कळ सांगितलं होतं.

२०१४ मध्ये मी ठरवलं, आता अम्माकडून जमेल तेवढं घ्यायचं. तिला बहात्तरावं लागलं होतं. खुर्चीत बसवलं, समोर मोबाइल ठेवला आणि म्हटलं, "गा." तिनं दोन ओव्या कशाबशा म्हटल्या, तिसरीला अडली. म्हणाली, "ऐसा बैठके नै आता रे." मला वाटलं, वय झालं, विसरली. माझ्या बायकोला मात्र बरोबर सुचलं. ती म्हणाली, "त्यांच्या हाताला काम द्या."

जातं न्हाणीच्या दारात पालथं पडलेलं होतं, त्याची पायरी झाली होती. ते उचलून आणलं, धुतलं. टाकी लावणारं कुणी मिळेना, म्हणून दगड बोथटच राहिला. सुपात दोन मुठी ज्वारी घेतली, बायको समोर बसली आणि दोघींनी खुंटा धरला. चार-पाच फेरे नुसतीच घरघर झाली. मग अम्मानं घास घातला आणि तिच्या तोंडून ओवी निघाली. एकीमागून एक येत गेल्या. पीठ कसलं, नुसती भरड पडत होती, पण त्या दुपारी एकतीस ओव्या मिळाल्या. सायकल चालवणं जसं पायांच्या लक्षात राहतं, तशा त्या ओव्या तिच्या हातांच्या लक्षात राहिल्या होत्या. डोक्याला विचारल्या तेव्हा मिळाल्या नाहीत, हाताला विचारल्या तेव्हा मिळाल्या.

शेवटी मी मिलोची ओवी मागितली. अम्मानं जातं थांबवलं. म्हणाली, पहिली ओळ मावशी म्हणायची, दुसरी मी. माझ्याकडं माझीच आहे. आणि तिनं दुसरी ओळ म्हटली. मांडीवरच्या पोराची. लाल दाणा आणि कोरडं आभाळ पहिल्या ओळीत होतं, ते मावशीबरोबर गेलं. माझ्या कानात तिची चाल आहे, शब्द मात्र जोडता येत नाहीत. दोघींनी मिळून धरलेलं गाणं एकीकडून पुरं मिळत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

२०२१ मध्ये अम्मा गेली. त्यानंतर मी मावशीच्या मुलीकडं गेलो. ती इंदापूर तालुक्यातच दिलेली आहे, आता तिलाही नातवंडं आहेत. अठरा वर्षांपूर्वीचं खोटं तिच्यापुढं कबूल केलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला तवाच कळलं होतं, भाऊ. फीत तुटली म्हणताना तुम्ही माझ्याकडं बघितलं न्हवतं." मी तिला अम्माची दुसरी ओळ ऐकवली. तिनं ती पुन्हा पुन्हा लावायला सांगितली.

हे सगळं आज सांगण्याचं कारण साधं आहे. मनात राहणारी गाणी दुकानात किंवा यादीत शोधायला गेलं तर सापडतीलच असं नाही. ती बहुतेक वेळा आपल्या घरात, आपल्या कानाजवळ वाजत असतात आणि आपण दुसरीकडं ऐकत असतो. तुमच्या घरात आई असेल, आजी असेल, आत्या असेल. पाळण्याचं, हळदीचं, भोंडल्याचं, शेतात भांगलतानाचं, मोहरममधलं, गाणं कुठलंही असेल. त्यांना नुसतं 'गा' म्हणू नका. हाताला ते काम द्या, सोबतीला त्या वेळची मैत्रीण बसवा, आणि मग ऐका. मोबाइल आता प्रत्येकाच्या खिशात आहे. आवाज घ्या, सोबत नाव लिहा, गाव लिहा, कुणी शिकवलं ते विचारा. आणि एक प्रत दुसऱ्या कुणाकडं तरी ठेवा, कारण बटण दाबायला वेळ लागत नाही.

त्या दिवशी निघताना मावशीच्या मुलीनं मला दारात थांबवलं. म्हणाली, "आईची वळ काय मला येत न्हाई. पण दुसरी वळ हाय म्हणल्यावर पहिली लावता येईल. चालंल का?" मी म्हटलं, चालेल. तिनं घरात जाऊन जातं शोधलं नाही, तिथंच उंबऱ्यावर बसून, मांडीवर हात गोल फिरवत पुटपुटू लागली. चार-दोन शब्द बदलले आणि तिनं ओळ लावली. ती मावशीची नव्हती. पण त्या ओळीमागं अम्माची ओळ नीट बसली.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)